पहिल्यापासूनचा हिशेब

समन्स घेऊन आलेल्या बेलिफाला सासूबाईंनी विजेच्या मीटरचे रीडिंग घ्यायला आलेला माणूस समजून आत बसवले, पंखा लावला आणि चहाचे आधण ठेवले. मी शाळेतून घरी पोहोचले तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला होता, बशीत ओतलेला चहा फुंकून पीत होता, आणि त्याच्या मांडीवरच्या काळ्या रेक्झिनच्या पिशवीतून टाचण्या मारलेले कागद डोकावत होते. त्याने माझे पूर्ण नाव विचारून खात्री करून घेतली, एक जाडजूड गठ्ठा माझ्या हाती दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून सही कुठे करायची ते बोटाने दाखवले. मी पेन उचलले तसा तो म्हणाला, "ताई, वाचून करा. घाई नाही." मी पहिल्या पानावरून डोळे फिरवले आणि सही केली. चपला पायात सरकवताना त्याने पुन्हा मान वळवली. "दहा दिवसांत हजर व्हायचं लिहिलंय त्यात. वकील लावा, नाहीतर स्वतः जा, पण जा. नाही गेलात तर ते म्हणतील तेच खरं धरतात." सासूबाईंनी माझ्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहून विचारले, "युनिटं जास्त पडली का गं?"

एका बँकेने क्रेडिट कार्डाच्या थकबाकीपोटी माझ्यावर ३,८६,००० रुपयांचा दावा लावला होता. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही हे खरे. पण डोक्यात घोळत होता तो आकडा नव्हे, तर 'वाचून करा' हे दोन शब्द. पगाराचे खाते उघडले त्या वर्षी टाय लावलेला एक चुणचुणीत मुलगा शाळेच्या शिक्षकखोलीत आला होता आणि मधल्या सुट्टीच्या वीस मिनिटांत त्याने सगळ्यांचे अर्ज भरून घेतले होते. सही जिथे जिथे हवी तिथे त्याने पेन्सिलीने आधीच फुल्या मारून ठेवल्या होत्या. "मॅडम, फक्त फुलीवर करा, बाकीचं मी बघतो." त्यानंतर या कार्डाच्या निमित्ताने माझा ज्यांच्या ज्यांच्याशी संबंध आला, त्यांत थांबून वाचायला सांगणारा हा बेलिफ पहिलाच, आणि तो आला होता माझ्याविरुद्धचा कागद घेऊन.

कर्ज कसे झाले हे सांगण्यासारखे फारसे नाही. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या बोळात आमचा लग्नपत्रिकांचा छोटा छापखाना होता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, मग पन्नास माणसांत लग्ने होऊ लागली, आणि पन्नास माणसांसाठी कुणी पत्रिका छापत नाही. पुढे माणसे वाढली तरी निमंत्रणे मोबाइलवरच राहिली. कागदवाल्याचे जुने बिल माझ्या कार्डावरून भागवले, कारण घरात महिन्याच्या महिन्याला पगार येणारी मी एकटी होते. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सहा महिन्यांची सवलत दिली तेव्हा आम्ही ती घेतली. पैसे भरायचे थांबले, व्याज थांबले नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये सासऱ्यांना ऑक्सिजनचा बेड मिळाला तो रुग्णालयाच्या खिडकीवर अनामत भरल्यावर, आणि ती अनामतही त्याच कार्डावरून गेली. सासरे त्यातून वाचले नाहीत. मशिनमधून पावती सरसरत बाहेर आली तो आवाज आणि खिडकीमागच्या मुलीचे "पिन टाका" मला आजही जसेच्या तसे ऐकू येते.

या दोन मोठ्या खर्चांसह कार्डावरची एकूण खरेदी २,१०,००० रुपयांची होती. पुढचे गणित मी शाळेत पाचवीला शिकवते त्याहून अवघड नाही. समजा, एक लाखाची बाकी आहे आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे, तर व्याजाचे झाले ३,५०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ६३०. बिलावर ठळक अक्षरांत किमान देय रक्कम येते ती पाच टक्के, म्हणजे ५,०००. ती वेळेवर, इमानेइतबारे भरली की मुद्दलातून उतरतात फक्त ८७० रुपये. किमान रक्कमच भरत राहिल्यास परतफेड किती लांबते याचा इशारा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, आणि तो छापलेला असतोही. मात्र ज्याच्याकडे त्या महिन्यात ५,००० च आहेत त्याने तो इशारा वाचून नेमके काय करायचे, ते बिलावर लिहिलेले नसते. मी बरेच महिने भरत राहिले. सगळे मिळून २,३०,००० रुपये भरले. २०२२ च्या सुरुवातीला छापखान्याची जागा सोडावी लागली आणि मग तेही जमेना.

त्यानंतर फोन सुरू झाले.

वसुलीच्या एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, कर्जदाराला धमकावू नये, नातेवाइकांत त्याची बेअब्रू करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. फोन करणाऱ्यांना ते ठाऊक असावेत, कारण सात वाजायला पाच मिनिटे असताना हमखास घंटी वाजायची. आवाज दर आठवड्याला बदलायचा, नंबर रोज बदलायचा. कुणी लाघवी, कुणी दरडावणारा, कुणी स्वतःला 'लीगल'मधला साहेब म्हणवणारा. एकाने शाळेच्या कार्यालयात फोन करून मुख्याध्यापिकांना माझ्या 'केस'विषयी सांगितले. एकाने लाल अक्षरांतली, तराजूचे चित्र असलेली 'अंतिम सूचना' मोबाइलवर पाठवली, आणि 'अंतिम' सूचना नंतर दर पंधरवड्याला येत राहिली. पूर्वी सावकाराचा माणूस ऋणकोच्या दाराशी धरणे धरून बसे, उपाशी राहून त्या घराला दोष लावायचा धाक घाली. हा प्रकार इतका रुळलेला होता की १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ५०८ खाली पहिले उदाहरणच दाराशी धरणे धरणाऱ्याचे होते. मला त्या धरणेवाल्याविषयी काहीसा आदरच वाटू लागला. तो उन्हात स्वतः बसलेला असे, आणि दार उघडले की त्याचा चेहरा दिसे.

म्हणूनच दाव्याचे कागद हाती आल्यावर जे वाटले त्याचे मलाच नवल वाटले. भीती होती, पोटात गोळा होता. त्याखाली मात्र काहीतरी सैलावले. तगादा लावणाऱ्यांचे बोलणे कधी कुठे सुरू झाले आणि कुठे संपणार ते कळत नसे. इथे परिच्छेदांना क्रमांक होते. वादी कोण, प्रतिवादी कोण, कारण केव्हा घडले, रक्कम किती, मागणी काय. दावा इंग्रजीत होता आणि मला त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुरुष केले होते, यावरून तो कोणत्या तरी साच्यातून निघाला असावा हे उघड होते. तरीही त्या साच्यात एक रिकामी जागा मला उत्तर देण्यासाठी ठेवलेली होती. एवढ्या वर्षांत कुणी काही विचारले असेल तर 'कधी भरताय?' एवढेच.

वकीलबाई आमच्या ओळखीतल्या निघाल्या. त्यांनी गठ्ठा चाळला, पाने मोजली आणि पहिल्यांदा शेवटच्या भरण्याची तारीख शोधली. अशा वसुलीला तीन वर्षांची मुदत असते आणि मुदत संपण्यापूर्वी काही रक्कम भरून पोच झाली की ती नव्याने मोजली जाते. दावा मुदतीत होता. तो संक्षिप्त पद्धतीने लावला होता, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली. अशा दाव्यात प्रतिवादीने दहा दिवसांत हजेरी लावावी लागते आणि नंतर बचाव करू देण्याची परवानगी न्यायालयाकडे मागावी लागते. बेलिफाने चपला घालता घालता सांगितले ते याच्याविषयी होते. बऱ्याच बँका न्यायालयात येतच नाहीत, त्या करारातल्या कलमाचा आधार घेऊन लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा देणाऱ्या मध्यस्थाकडे जातात, आणि पुण्यातल्या माणसाला चेन्नईच्या लवादाची नोटीस येते, हेही त्यांनी सांगितले. "तुमचं नशीब चांगलं, शिवाजीनगरला आहे, रिक्षाने जाता येईल." यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दोनच प्रश्न होते: तुरुंग होतो का, आणि पगार जातो का. वकीलबाईंनी १९८० चा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा निकाल सांगितला. देण्याची ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ देणे थकले म्हणून दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही. पगाराचेही तसेच, न्यायालयाचा वसुलीचा हुकूमनामा झाला तरी पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून सुरक्षित असतात. हे ऐकून यांनी पाणी मागितले. फोनवरून तुरुंगाच्या धमक्या येत होत्या त्या सगळ्या यांनी एकट्याने ऐकल्या होत्या, माझ्यापर्यंत पोहोचू दिल्या नव्हत्या, हे मला तिथे कळले.

तारखेच्या दिवशी मी शाळेत किरकोळ रजा टाकली आणि कारणापुढे 'घरगुती' असे लिहिले. न्यायालयाच्या आवारात टंकलेखकांची टेबले, नोटरींच्या पाट्या, शिक्क्यांच्या शाईचा वास, काळे कोट खांद्यावर टाकून चहा पिणारे वकील. आणि या सगळ्यांतून वाट काढणारी माझ्यासारखी माणसे, ज्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या फोल्डरवरून ती चटकन ओळखू येतात. पुकारा झाला तेव्हा माझे नाव त्या उंच छताच्या खोलीत इतक्या मोठ्याने घुमले की मी शाळेतल्या सवयीने 'हजर' म्हणाले. न्यायाधीशांनी वर पाहिले, किंचित हसल्या, आणि पुढची तारीख दिली. बँकेच्या बाजूने एक अगदी तरुण वकील उभा होता, त्याच्या काखेत माझ्यासारख्याच दाव्यांची चळत होती आणि माझी फाइल शोधताना त्याने वरची तीन खाली ठेवली. त्याला माझ्याविषयी राग नव्हता, सहानुभूती नव्हती, कुतूहलही नव्हते. बाहेर आल्यावर त्यानेच मला विचारले, "मॅडम, इथे झेरॉक्स कुठे मिळते?" माझा धनको पाहायला मिळेल अशी माझी खुळी अपेक्षा होती, ती त्या दिवशी संपली.

खुळी म्हणते खरी, पण याच जिल्ह्यात एके काळी धनको समोर दिसत असे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढल्या आणि जाळल्या. इतिहास शिकवताना मी हे दर वर्षी सांगते: अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, शेतसारा मात्र वाढला, सावकारांनी हात आखडला, आणि दख्खनचा रयत पेटला, माणसांच्या जिवाला त्याने सहसा हात लावला नाही, त्याला कागद हवे होते. मुले विचारतात की मग पुढे काय झाले, त्यावर १८७९ चा कायदा झाला, एवढे सांगून आम्ही पुढच्या धड्याकडे वळतो. दाव्याच्या निमित्ताने मी तो दख्खन कृषक साहाय्य कायदा पहिल्यांदा नीट वाचला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी तो झाला, आणि त्याचा गाभा असा की सावकाराने रोखा पुढे केला म्हणून न्यायालयाने तेवढ्यावर निकाल द्यायचा नाही. व्यवहार सुरू झाला तिथपासून चौकशी करायची, मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हे वेगवेगळे मांडायचे. रोख्यावरचा आकडा हा हिशेबाचा शेवट मानायचा नाही.

मी हे घेऊन उत्साहाने वकीलबाईंकडे गेले. माझ्या दाव्यात मुद्दल म्हणून १,७४,००० दाखवले होते, पण त्या मुद्दलाच्या पोटात आधीच्या वर्षांचे व्याज, विलंब शुल्क आणि त्यावरचा कर किती मुरला आहे हे त्यात कुठेच दिसत नव्हते; पहिल्या दोन वर्षांची बिले जोडलेलीच नव्हती. शिवाय आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम आहे, एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही, आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो मानला आहे. वकीलबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१-अ काढून दाखवले. बँकेने लावलेला व्याजदर जास्त आहे या कारणावरून न्यायालयाला व्यवहार पुन्हा उघडता येत नाही, असे ते सांगते, आणि ते १९८४ साली आले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डावरच्या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, तीही सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द ठरवली. "दामदुपट मांडू," त्या म्हणाल्या, "परवानगीच्या अर्जात मांडूच. पण २१-अ आडवं येणार, आणि तोवर वर्षं जातील." सुप्याच्या शेतकऱ्याला चार वर्षांत जे मिळाले ते त्याच जिल्ह्यात दीडशे वर्षांनी मला का मिळू नये, या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "तुम्ही काही जाळलं नाहीत ना!"

घरात मात्र यातले काहीच बोलणे शक्य नव्हते. सासूबाईंना शेवटी सांगावे लागले तेव्हा त्यांनी विचारले, "दवाखान्याचे पैसे का?" मी काही थोडे कागदाचेही होते असे म्हणाले. त्या उठून देवघरात गेल्या, आणि संध्याकाळी त्यांनी पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. त्या मी परत दिल्या, आणि परत देताना मला त्यांचा राग आला, का ते मला नीट सांगता येणार नाही. आपल्यामुळे घर बुडाले अशी समजूत करून घेणारी माणसे समोर असली की आपल्याला धड रडताही येत नाही. शाळेत मुख्याध्यापिका माझ्याशी पूर्वीसारख्याच वागत होत्या, फक्त सहलीचे पैसे जमा करायचे काम त्यांनी त्या वर्षी दुसऱ्या बाईंकडे दिले.

परवानगीच्या अर्जावर सुनावणी होण्यापूर्वीच प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवले गेले. एका मोठ्या दालनात टेबले मांडलेली, प्रत्येक टेबलावर बँकेच्या नावाचा कागद, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि त्यांवर गुडघ्यांवर पिशव्या घेऊन बसलेली माणसे. तुळशीबागेत चालते तशी घासाघीस सुरू होती, फरक एवढाच की इथे वस्तू केव्हाच वापरून संपलेली होती. बँकेचा अधिकारी दोन लाखांवरून सुरुवात करून दर खेपेला दालनाबाहेर जाऊन मुंबईला फोन लावत होता आणि परत येऊन थोडा खाली उतरत होता. आकडा १,५६,००० वर अडकला. पॅनेलवर एक निवृत्त न्यायाधीश होते, त्यांनी मला विचारले, "तुमचं काही म्हणणं आहे?" मी माझा कागद पुढे केला. आखीव फुलस्केपच्या पानांवर मी महिनावार सगळे लिहून काढले होते: खरेदी, भरणा, व्याज, शुल्क, कर. त्यांनी चष्मा बदलला आणि वाचायला सुरुवात केली. मागे रांग वाढत होती, बँकेचा अधिकारी घड्याळ पाहत होता, आणि ते बोट ओळीवरून सरकवत एकेक ओळ वाचत होते. दुसऱ्या पानावर थांबून त्यांनी विचारले, "हे सहा हजार त्यांच्या उताऱ्यात दिसत नाहीत." ते सहा हजार मी घरी आलेल्या वसुली एजंटाला रोख दिले होते. त्याने दिलेली कार्बनची पावती, कोपरा फाटलेली, निळी अक्षरे पुसट होत चाललेली, माझ्या फोल्डरमध्ये होती. ती टेबलावर ठेवली. अधिकाऱ्याने ती उजेडाकडे धरून पाहिली, मोबाइलवर तिचा फोटो काढला, पुन्हा बाहेर गेला, आणि या वेळी बराच वेळ आला नाही. तो आला तेव्हा आकडा १,५०,००० झाला होता, तीन हप्त्यांत.

लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि बँकेने भरलेले न्यायालय शुल्क तिला परत मिळते. आम्ही दोघांनी सह्या केल्या. मी अर्थात वाचून केली. हप्ते फेडायला यांनी छापखान्यातले कटिंग मशिन विकले. बाकी नसल्याचे पत्र आले, कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलच्या अहवालात मात्र खाते 'बंद' नव्हे तर 'तडजोडीने मिटवलेले' असे दिसते, आणि पुढची काही वर्षे कुठलीही बँक ते पाहून मला कर्ज नाकारू शकते. यांना त्याचे वाईट वाटते. मला तितकेसे वाटत नाही, कारण तेवढा तपशील तरी खरा आहे.

मला खुपते ते वेगळेच. निवाड्याचा कागद दीड पानाचा आहे आणि त्यात १,५०,००० या आकड्याखेरीज काहीही नाही. तो कशाचा बनला, त्यात वापरलेले पैसे किती आणि त्यांवर चढलेले किती, याचा उल्लेख नाही. २,१०,००० च्या खरेदीवर मी एकूण ३,८०,००० भरले, ही बेरीज फक्त माझ्या फुलस्केपवर आहे. दावा चालवला असता तर काय झाले असते, असे मी वकीलबाईंना नंतर एकदा विचारले. त्या म्हणाल्या, तुम्ही हरला असतात, वर खर्चही बसला असता. त्यांना या क्षेत्रातले जास्त कळते आणि त्यांचे बरोबरच असणार. पण परवानगी मिळून दावा चालला असता, तर बँकेला ती पहिल्या दोन वर्षांची बिले न्यायालयात आणून दाखल करावी लागली असती, आणि तो पहिल्यापासूनचा हिशेब त्यांच्या हातचा पाहण्याची माझी इच्छा अजून गेलेली नाही.